जवानाच्या चालण्यातून वीज: बुटात पिझो बसवून वॉकीटॉकी चार्ज होईल का?

तारजोडी
नमस्कार मंडळी. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या चार पोरांनी प्रोजेक्ट घेतलाय, ‘सैनिकाच्या बुटातून वीजनिर्मिती’. बझरमध्ये असते ना, ती पितळेची २७ मिलिमीटरची पिझो (दाब पडला की वीज देणारी) चकती, तशा आठ चकत्या टाचेखाली. पुढे ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणारं सर्किट), कपॅसिटर (वीज साठवणारा), आणि त्यावर वॉकीटॉकीची बॅटरी चार्ज करायची असा बेत आहे.

पोरं मनापासून करतायत. त्यातल्या एकाचा चुलतभाऊ पायदळात आहे. तो सुट्टीवर आला होता तेव्हा बोलता बोलता म्हणाला, की टॉर्च, जीपीएस, नाइट व्हिजन, रेडिओ असं सगळं धरलं तर लांबच्या गस्तीला जादा बॅटऱ्याच किलोकिलोनी न्याव्या लागतात. तिथून या कल्पनेनं घर केलं.

माझी अडचण अशी. अहवालात त्यांनी लिहिलंय, की ६८ किलोचा माणूस चालला तर टाचेतून ६७ वॅट मिळतात. मीटर लावून टाच आपटली की २०-२५ व्होल्ट दिसतात, त्यामुळे सगळे खूश. पण एलईडी लुकलुकतो आणि विझतो. काहीतरी गफलत आहे हे मला कळतंय, पण पोरांना नुसतं ‘होणार नाही’ म्हणून गप्प बसवायचं नाहीये, आणि खोटे आकडे लिहून मार्कही द्यायचे नाहीत.

माणसाच्या हालचालीतून सैनिकाच्या उपकरणांपुरती वीज खरंच निघते का? कुणी केलंय का? लष्करातल्या, दवाखान्यातल्या, वर्कशॉपमधल्या लोकांनी जरूर लिहा.

वाटाड्या
नाही निघत. एक बॅटरी जास्त न्या, विषय संपला.

भाकरी_ते_वॅट
ताई, ६७ वॅटचा तो आकडा कुठून आला ते सांगतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या थॅड स्टार्नरनं अंगावरच्या संगणकांसाठी एक हिशेब मांडला होता. ६८ किलो वजन, ९.८ गुरुत्वत्वरण, टाच खाली येते ते अंतर ५ सेंटिमीटर, सेकंदाला दोन पावलं. गुणाकार करा, ६७ वॅट येतात. गणित बरोबर आहे. पण ते सगळे ६७ वॅट गोळा करायचे तर टाच प्रत्येक पावलाला ५ सेंटिमीटर बुटात रुतायला हवी! समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत दहा मिनिटं चालून बघा, पोटऱ्या भरून येतात. जवानाला दिवसभर तसं चालायला लावणार का आपण? स्टार्नरनंही त्याच निबंधात प्रत्यक्षात मिळेल असा आकडा फार खाली धरला होता. लोक फक्त पहिला आकडा उचलतात.

एमआयटीच्याच मीडिया लॅबमध्ये जो पॅराडिसोच्या गटानं १९९८ च्या सुमारास बूट करून पाहिले. पिझो बसवलेल्या बुटांतून सरासरी काही मिलिवॅट मिळाले. बुटाला दट्ट्या आणि फिरता जनरेटर लावला तेव्हा पाव वॅट मिळाला, पण तो बूट घालून चालणं अवघड झालं.

आणि ते २५ व्होल्ट. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून पिझो त्याला मोठा व्होल्टेज दाखवते. चकतीला कामाला लावा, म्हणजे लोड जोडा, की तो व्होल्टेज बसतो. पोरांना मीटर बाजूला ठेवायला सांगा. एक मोठा कपॅसिटर घ्या, रिकामा करा, मोजून शंभर-सव्वाशे पावलं टाका आणि मग त्याचा व्होल्टेज बघा. अर्धा गुणिले सी गुणिले व्ही वर्ग; सी म्हणजे कपॅसिटरची क्षमता, व्ही म्हणजे व्होल्टेज. ती खरी कमाई.

नाना_सिग्नल
मुलांना माझा आशीर्वाद सांगा. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये (संदेशदळात) होतो, ट्रेनिंग जबलपूरला. बॅटरीचं ओझं मी पाठीवर वाहिलेलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

आमच्या वेळी हातानं फिरवायचा जनरेटर असायचा. घोडीसारख्या बैठकीवर बसायचं, दोन्ही हातांनी दांडे फिरवायचे, सायकलचं पॅडल हातानं मारावं तसं. समोर दुसरा जण मोर्स की (संदेश पाठवायची कळ) घेऊन बसलेला. आता गंमत ऐका. त्यानं की दाबली नाही तोवर दांडे हलके फिरतात. की दाबली रे दाबली की दांडा जड. सोडली की हलका. डिट-डा-डिट जे काही तो पाठवतोय ते फिरवणाऱ्याच्या खांद्याला कळायचं. एकदा लांबलचक संदेश होता, मी फिरवत होतो, तर मला अर्धा संदेश दंडातूनच वाचता आला. वीज कुठून येते हे मी पुस्तकात शिकलो नाही, असा शिकलो.

म्हणून मुलांना विचारा: तुमच्या बुटात वीज तयार होत असेल तर पाऊल जड व्हायला हवं. जड होतंय का? होत नसेल तर वीजही नाही.

तारजोडी
नाना, हे मी उद्याच वर्गात वाचून दाखवणार. भाकरी, कपॅसिटरवाली चाचणी करून घेते आणि इथेच आकडे टाकते.

आकाशवाणी_प्रेमी
अवांतर, पण नानांमुळे आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांत पिवळ्या रंगाचा आणीबाणीचा ट्रान्समीटर असायचा. समुद्रात पडलेल्या वैमानिकानं तो गुडघ्यांत धरून वरचा दांडा फिरवायचा, ५०० किलोहर्ट्झवर आपोआप एसओएस जायचं. मांड्यांत नीट बसावा म्हणून पेटी कमरेशी निमुळती, त्यावरून नाव पडलं ‘गिब्सन गर्ल’, म्हणजे जुन्या अमेरिकी चित्रांतली बारीक कमरेची तरुणी. अँटेना वर न्यायला पतंग किंवा फुगा.

आणि त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड ट्रेगरनं पायानं चालवायचा रेडिओ केला. शेकडो मैलांवर एकेकटी घरं, वीज नाही, डॉक्टर विमानानं यायचा. बाई खुर्चीत बसून पॅडल मारायची आणि हात संदेशाला मोकळे. साधारण २० वॅट निघायचे. पाय हा हातापेक्षा मोठा कारखाना आहे हे तेव्हाच कळलं होतं म्हणायचं.

डोंगरवेडी
वाचतेय. जुन्या सायकलचा बाटलीसारखा डायनॅमो आठवतोय का कुणाला? टायरला टेकवला की घर्रर्र आवाज आणि पॅडल लगेच जड. ६ व्होल्ट, ३ वॅट. नानांचं ‘जड व्हायला हवं’ तिथे मांडीला कळायचं. चढावर आम्ही दिवा बंद करून अंधारात जायचो.

गुडघ्याची_डॉक्टर
मी फिजिओथेरपिस्ट आहे. नानांचं म्हणणं जवळजवळ पूर्ण खरं आहे, पण एक पळवाट आहे आणि ती शरीरानंच ठेवलेली आहे.

चालताना स्नायू फक्त ढकलण्याचं काम करत नाहीत, आवरण्याचंही करतात. पाय पुढे झोकला की नडगी झोपाळ्यासारखी पुढे जाते. ती तशीच जाऊ दिली तर गुडघा खाडकन सरळ होईल. म्हणून टाच टेकायच्या जरा आधी मांडीच्या मागचे स्नायू तिला मागे ओढून धरतात. बसल्या जागी अनुभव घ्या: खुर्चीच्या टोकाला बसा, पाय हवेत जोरात पुढे झोका आणि शेवटी थांबवा. मांडीखाली हात ठेवला तर तिथली शीर ताठताना लागेल. चालताना गुडघ्यात जे काम होतं त्यातलं बहुतेक असं ब्रेकचं असतं. तेवढी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

मुंबईची लोकल ब्रेक लावताना मोटरलाच जनरेटर करून वीज वरच्या तारेला परत देते. तसं गुडघ्याला केलं तर? स्नायूचं आवरण्याचं काम जनरेटरनं वाटून घेतलं तर पाऊल जड होणार नाही, उलट स्नायूला थोडा हातभार लागेल. नाना, इथे पाऊल जड न होता वीज मिळते.

उतारावर तर हे आणखी. डोंगरवेडी, गड उतरताना मांड्या थरथरतात ना? ते ब्रेक लावूनच.

डोंगरवेडी
हरिश्चंद्रगड उतरून खाली आलं की बसस्टँडची पायरी चढवत नाही. आता कळलं, मी चार तास ब्रेक दाबून खाली येत होते!

बर्नाबीकर
डॉक्टरांनी सांगितलं नेमकं तेच आमच्या गावात झालंय. बर्नाबी, कॅनडात व्हँकुव्हरला लागून. इथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या मॅक्स डोनेलनच्या गटाचा निबंध फेब्रुवारी २००८ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आला. गुडघ्याला बांधायचा पट्टा, प्रत्येक पायाला १.६ किलो. आत दातेरी चाकांची गाडी, गुणोत्तर ११३ला १, कारण गुडघा हळू फिरतो आणि जनरेटरला वेग लागतो. एकाच दिशेनं पकडणारा क्लच. आणि खरी हुशारी ही, की जनरेटर सतत जोडलेला नाही. पाऊल झोकात असताना शेवटच्या टप्प्यात, स्नायू ब्रेक लावतात त्याच क्षणी सर्किट जोडलं जातं.

दोन्ही पाय मिळून साधारण ५ वॅट, आरामात चालताना. आता मोल बघा. हातानं दांडा फिरवून १ वॅट वीज काढायला शरीराला ६ वॅटपेक्षा जास्त खर्च पडतो, कारण स्नायू २५ टक्क्यांच्या आसपासच कार्यक्षम, वर जनरेटरची घट. डोनेलनच्या पट्ट्यात ब्रेकच्या वेळीच वीज काढली तेव्हा १ वॅट विजेमागचा तो जादा खर्च सरासरी ०.७ वॅट. जनरेटर सतत जोडून ठेवला तर २.३. म्हणजे केव्हा घ्यायचं यातच सगळं आहे.

त्यातून बायॉनिक पॉवर नावाची कंपनी निघाली. अमेरिकी लष्कराच्या नॅटिकच्या संशोधन केंद्रानं २०१४ मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला असे गुडघ्याचे पट्टे, वीज देणारी पाठपिशवी आणि सौर पत्रे एकत्र आजमावले.

तारजोडी
हे मला अजिबात माहीत नव्हतं. पाठपिशवीतून वीज म्हणजे काय?

बर्नाबीकर
पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला लॉरेन्स रोम. हा मूळचा जीवशास्त्रज्ञ, स्नायूंचा अभ्यासक. चालताना आपली कंबर प्रत्येक पावलाला काही सेंटिमीटर वर-खाली होते, पाठीवरचं वजनही तितकंच. त्यानं पिशवीची चौकट अंगाला घट्ट ठेवली आणि वजन स्प्रिंगांवर टांगलं. वजन चौकटीवर वर-खाली सरकतं, दातेरी पट्टी सरकते, तिच्यावरचं चाक जनरेटर फिरवतं. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्येच छापलं. २० ते ३८ किलो वजन घेऊन जास्तीत जास्त ७.४ वॅट. मांडणी साधी आहे. जवान वजन वाहतोच आहे, मग ते वजनच कामाला लावा.

फलटणकर
टांगलेलं वजन म्हटल्यावर मला राहवलं नाही. आमचे आजोबा कावडीनं पाणी आणायचे. चिरलेला बांबू, दोन टोकांना दोन घागरी. मी लहानपणी उचलायचा प्रयत्न केला तर घागरी नुसत्या हिसके देत होत्या, निम्मं पाणी माझ्या पायावर. आजोबा म्हणायचे, कावड उचलू नको, कावडीबरोबर चाल. बांबूचा हेलकावा आणि पाऊल जुळलं की खांद्याला दणका बसत नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढवतात, तिथेही ताल चुकला की खांद्याला कळतं.

रोमच्या पिशवीत तेच नाही का? फरक इतका की बांबूचा हेलकावा फुकट जातो आणि त्यानं तो मोजून घेतला.

बर्नाबीकर
फलटणकर, अगदी बरोबर बोललात. रोमनंच २००६ मध्ये वीज बाजूला ठेवून नुसते रबरी दोर लावलेली पिशवी करून पाहिली. वजनाचे हिसके ८२ टक्क्यांनी कमी झाले आणि तितक्याच दमात ५.३ किलो जास्त वाहता आलं. आणि चिरलेल्या बांबूच्या कावडीसारख्या लवचीक दांड्यांचा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्येच झालाय. तिथेही खांद्यावरचे दणके कमी होतात असंच दिसलं.

वाटाड्या
सगळं वाचलं. आता माझा हिशेब.

गुडघ्याचे दोन पट्टे मिळून ३.२ किलो. तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटऱ्या नेल्या, किलोमागे १५० वॅट-तास धरले, तर ४८० वॅट-तास होतात. ५ वॅटनं तेवढी वीज जमवायला ९६ तास चालायला हवं. रोज ८ तास चाललं तरी १२ दिवस. म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत बॅटरीच जिंकते. तीन दिवसांच्या मोहिमेला हे पट्टे घालणं म्हणजे नुसतं ओझं. शिवाय पायाला बांधलेलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवतं. चुकत असेन तर सांगा.

भाकरी_ते_वॅट
चुकत नाही. उलट तुमच्या बाजूचा आणखी एक आकडा त्याच निबंधात आहे. नुसते पट्टे घालून, वीज न काढता चाललं तरी शरीराचा खर्च सुमारे २० टक्के वाढला, साधारण ६० वॅट. आठ तास तसं चाललं तर ४०० किलोकॅलरीच्या वर जातात. म्हणजे रोज दोन-तीन भाकऱ्या जास्त, निव्वळ पट्टे वागवायला. वीज काढायचा खर्च त्यापुढे किरकोळ.

म्हणून मला कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठाचं २०२१ चं काम जास्त आवडतं. डोनेलनच्या निबंधात सहलेखक असलेला चिंगुओ ली तिथे आहे. त्यांनी यंत्र पाठीवर नेलं, पायाला फक्त दोर. पाय झोकात असताना शेवटी दोर ताणला जातो, नडगीचा ब्रेक यंत्र लावतं. चालण्याचा खर्च साध्या चालण्यापेक्षा २.५ टक्के कमी झाला! वीज फक्त पाव वॅट मिळाली. पण ऊर्जा काढून घेऊनही माणूस कमी दमला, हे मी तीनदा वाचलं तेव्हा पटलं.

गुडघ्याची_डॉक्टर
पटायलाच हवं, स्नायूचं आवरण्याचं काम फुकट नसतं. मात्र ते ढकलण्यापेक्षा स्वस्त असतं, म्हणून बचतही लहानच राहते. वाटाड्या, तुमचा १२ दिवसांचा हिशेब मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

नाना_सिग्नल
हिशेबात न येणारं थोडं मी सांगतो.

पहिलं, आवाज. दातेरी चाकं म्हटली की किरकिर आली. रात्री गस्तीला आम्ही गळ्यातल्या चेनचा पत्रा वाजू नये म्हणून कापड गुंडाळायचो, पाण्याची बाटली काठोकाठ भरायचो म्हणजे डुचमळणार नाही. तिथे गुडघ्यात कुरकुरणारं यंत्र कोण बांधेल?

दुसरं, जवान सगळा वेळ चालत नाही. चालतो थोडा, थांबतो फार. घात लावून बसला तर रात्र रात्र एका कुशीवर. आणि रेडिओ तेव्हाच चालू असतो. वीज हवी तेव्हा हालचाल नाही, आणि हालचाल आहे तेव्हा रेडिओ गप्प.

तिसरं, गुडघे. चढताना, सरपटताना, अचानक आडवं पडताना गुडघा मोकळा हवा. त्यावर काही बांधलेलं मला चाललं नसतं. पाठीवरची पिशवी चालेल, पण ती वर-खाली होत असताना नेम कसा धरणार? चौकटीला वजन बांधून टाकायची कडी हवी.

बर्नाबीकर
नाना, तशी कुलूप लावायची सोय नंतरच्या पिशव्यांत होती. बाकी दोन मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

घड्याळजी
माझं दुकान पेठेत, तिसरी पिढी. नानांचा दुसरा मुद्दा आमच्या धंद्यात रोज दिसतो.

ऑटोमॅटिक घड्याळात अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळते. १७७० च्या दशकातलं हे काम, श्रेय स्विस घड्याळजी आबराम-लुई पेरलेला देतात. जपानच्या सेइको कंपनीनं १९८० च्या दशकात त्याच वजनाला छोटा जनरेटर जोडला आणि क्वार्ट्झ घड्याळ चालवलं. चालतं, कारण क्वार्ट्झ घड्याळाला लागते ती वीज वॅटच्या दहा लाखाव्या भागांत मोजायची.

मागच्या पावसाळ्यात एक बाई वडिलांचं ऑटोमॅटिक घेऊन आल्या. ‘सारखं बंद पडतंय, सर्व्हिसिंग करा.’ उघडलं, एकदम स्वच्छ. दोन दिवस माझ्या हातात घालून फिरलो, सेकंदभरही मागे पडलं नाही. विचारलं, वडील काय करतात? म्हणाल्या, तीन महिने अंथरुणावर आहेत. मी पैसे घेतले नाहीत. रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः घालून अर्धा तास फिरून या आणि मग त्यांच्या हातात घाला, इतकंच सांगितलं.

संपादक
चर्चा छान चाललीय. एक विनंती: सेवेत असलेल्या कुणाचंही युनिट, पोस्टचं ठिकाण, वापरातल्या रेडिओचं मॉडेल इथे लिहू नका. एका प्रतिसादातलं तसं वाक्य काढलंय.

सीमेवरच्याची_ताई
ते वाक्य माझं होतं, माफ करा. ठिकाण न लिहिता परत लिहिते.

माझा धाकटा भाऊ बर्फात आहे. घड्याळजींचं वाचून डोळ्यात पाणी आलं म्हणून लिहायला बसले. तो सांगतो, तिथे बॅटरी आजाऱ्यासारखी जपावी लागते. रात्री स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपायची. टॉर्च हवा असेल तेव्हाच आतून सेल काढून घालायचा, काम झालं की परत आत. फोनवर म्हणाला, ‘ताई, इथे बॅटरी माझ्याहून ऊबदार झोपते.’ पाय सुन्न पडण्याची भीती वेगळीच. कळेनासं झालं की उशीर झालेला असतो.

तुमच्या मुलांनी काहीही केलं तरी मला कौतुक आहे.

भाकरी_ते_वॅट
ताई, भावाला सलाम. तो करतोय ते शास्त्रानं अगदी बरोबर आहे. गारठ्यात लिथियम-आयनच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, उणे २० लाच बॅटरी बरीच लंगडी पडते. आणि पोरांसाठी मोठा इशारा: शून्याखाली लिथियम-आयन सेल चार्ज करायचा नसतो. आत लिथियम धातूच्या रूपात साचतं, सेल कायमचा बिघडतो, धोकाही वाढतो. म्हणजे बर्फात बुटातून ५ वॅट जरी निघाले तरी ते भरायचे कुठे, हा प्रश्न राहतोच. बॅटरी अंगाशीच ठेवावी लागेल.

डोंगरवेडी
मग सौर पत्रा? पाठीवर टाकला की झालं.

बर्नाबीकर
ऊन असेल तर गुडघ्याला तो सहज हरवतो. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या चांगल्या पत्र्यातून भर उन्हात १५-१८ वॅट निघतात. २०१० मध्ये अमेरिकी मरीन सैनिक अफगाणिस्तानात हेलमंडमधल्या सांगीनला घडीचे सौर पत्रे घेऊन गेले होते आणि बॅटऱ्या पुरवण्याची गरज बरीच कमी झाली. पण ते वाळवंट. घनदाट जंगल, रात्र, हिमवादळ इथे काही उपयोग नाही. शिवाय काळा चकचकीत पत्रा लांबून दिसतो.

तारजोडी
मंडळी, चाचणी झाली. पूर्ण लिहिते.

आठ चकत्या, प्रत्येकीला स्वतंत्र ब्रिज, शेवटी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सर्वांत जाड पोराला (तोच म्हणाला, मला घ्या) व्हरांड्यात मोजून १२० पावलं चालवलं, म्हणजे बुटाच्या त्या पायाची १२०. कपॅसिटर ५ व्होल्टला पोचला. म्हणजे १२.५ मिलिज्यूल. पावलामागे साधारण ०.१ मिलिज्यूल.

मग फळ्यावर मांडलं. फोनची बॅटरी सुमारे १९ वॅट-तास, म्हणजे ६८,४०० ज्यूल. पावलं किती? ६८ कोटी. एका पायाच्या दोन पावलांत दीड मीटरच्या आसपास अंतर जातं, म्हणजे जवळजवळ १० लाख किलोमीटर. पृथ्वीला २५ फेऱ्या, आणि तेही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. वर्गात एकदम शांतता. ज्यानं ६७ वॅट लिहिलं होतं त्यानं स्वतः उठून अहवालातलं ते पान काढलं.

दुसरं म्हणजे, २०० पावलांत दोन चकत्या गेल्या. टाच कडेला पडली की पांढरं सिरॅमिक तडकतं, आणि सिरॅमिकवरचा झाळ सुटून बारीक तार हातात येते. आता चकतीखाली रबराचा तुकडा आणि वर पातळ ॲक्रिलिक लावून पाहणार.

पोरं हिरमुसली आहेत, हे खरं.

घड्याळजी
हिरमुसू देऊ नका. घड्याळाला पुरतं ना तेवढं? मग घड्याळाएवढं काम शोधा.

भाकरी_ते_वॅट
घड्याळजींनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं. १२.५ मिलिज्यूल ही चेष्टेची रक्कम नाही. युरोपात बिनबॅटरीचे बिनतारी स्विच मिळतात, बोटानं दाबलं की त्या दाबातूनच एक छोटा रेडिओ संदेश जातो. तिथे मिलिज्यूलच्याही अंशात काम होतं. तुमच्याकडे दोन मिनिटांच्या चालीत त्याच्या कितीतरी पट जमतंय. बुटात एक तापमान मोजणारा सेन्सर, दोन मिनिटांनी एक वाचन, एक संदेश मनगटावर. सीमेवरच्या ताईंनी लिहिलंय ना, पाय सुन्न पडल्याचं कळत नाही म्हणून. बुटात बॅटरी ठेवायला नको, गारठून मरेल अशी कुठली वस्तूच नको.

नाना_सिग्नल
कल्पना चांगली, पण फट आहे. पाय गारठतात ते बसल्यावर. चालणाऱ्याचे पाय गरम असतात. म्हणजे तुमचा सेन्सर जवान चालताना ‘सगळं ठीक’ सांगत राहील, आणि तो सहा तास संतरी म्हणून उभा राहिला की गप्प बसेल. नेमकं हवं तेव्हा.

वाटाड्या
नाना, मग गप्प बसणं हाच संदेश समजायचा. मनगटावरच्या घड्याळाला त्याची स्वतःची बॅटरी आहे, ती अंगाच्या उबेत. वीस मिनिटं बुटातून काही आलं नाही तर त्यानं थरथरावं. पाय आपटा. जवानानं दहा वेळा पाय आपटले की रक्त खेळेल आणि सेन्सरलाही पोटभर वीज मिळेल, मग खरं तापमान कळेल. पहिल्या दिवशी मी एका ओळीत निकाल दिला होता, तो मागे घेतो. वॉकीटॉकीपुरता मात्र कायम.

नाना_सिग्नल
हे पटलं. हवालदार तेच करायचा. फेरी मारताना प्रत्येकाजवळ थांबून ‘पाय हलव’ म्हणायचा. संदेश मनगटापलीकडे जाऊ नये एवढं पाहा. बूट रेडिओवर बोलायला लागला तर समोरचाही ऐकेल.

गुडघ्याची_डॉक्टर
सेन्सर टाचेत नको, अंगठ्याजवळ हवा. हिमदंश बोटांपासून सुरू होतो. तार टाचेतून पुढे न्या, पण बोटं वाकतात तिथे ती तुटेल, तिथे थोडी ढिली वेटोळी ठेवा.

तारजोडी
सगळं पोरांना वाचून दाखवलं. प्रोजेक्टचं नाव बदललं, ‘चालण्याच्या ऊर्जेवर चालणारा बुटातील तापमान सेन्सर’. वॉकीटॉकी गेला. वेटोळी तार कशी बसवायची यावर सकाळपासून भांडतायत. उद्या थर्माकोलच्या मासळीच्या पेटीत बर्फ आणि मीठ भरून त्यात बूट ठेवणार आहोत, पाय आपटून किती पावलांत पहिला संदेश येतो ते मोजायला. फक्त आमच्याकडे खरा बर्फातला बूट नाही, चपलाच्या दुकानातला जाड बूट घेतलाय.

सीमेवरच्याची_ताई
भाऊ पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. त्याचा जुना जोड घरी माळ्यावर आहे, सोल झिजलाय पण आतून चांगला आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी पार्सल करते. नंबर नऊ.